वीस प्रश्नांचे मोल

‘द फोर्थ पॅरडाइम’ हे मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २००९ साली काढलेले पुस्तक संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांच्या विचारांवर उभे आहे. प्रयोग, सिद्धान्त आणि संगणकावरील प्रतिकृती या विज्ञानाच्या तीन रीती. प्रचंड माहितीसाठ्यातून ज्ञान शोधणे ही चौथी, असे ग्रे म्हणत. पुस्तक वाचनीय आहे. पण त्याच्या शीर्षकाविषयी आमची तक्रार आहे.

माहिती वाढली की काम का रेंगाळते? एका दीर्घिकेचे शेजारी शोधायला कोट्यवधी नोंदी चाळाव्या लागल्या, तर वेगवान संगणकाचाही बहुतेक वेळ साठ्यातून नोंदी वाचण्यातच जातो. स्लोन आकाश-सर्वेक्षणाच्या साठ्यात यावर साधी युक्ती आहे. आकाशगोलाचे आठ त्रिकोण करायचे, प्रत्येकाचे पुन्हा चार, असे करत जायचे. प्रत्येक नोंदीला तिच्या त्रिकोणाचा क्रमांक द्यायचा. मग शेजारी शोधताना मोजकेच त्रिकोण तपासावे लागतात. दुसरी युक्ती अशी, की अवाढव्य साठा संशोधकाकडे न नेता त्याचा चार ओळींचा प्रश्नच साठ्याकडे पाठवायचा.

पण मांडणी कशी करायची, हे कशावरून ठरले? ग्रे यांनी आधी खगोलशास्त्रज्ञांकडून वीस महत्त्वाचे प्रश्न मागून घेतले आणि साठ्याची रचना त्या प्रश्नांना उत्तरे देता येतील अशी केली. पुस्तकात हा नियम आहे, मात्र इतर नियमांच्या रांगेत. आमच्या मते त्याचा मान पहिला. त्या विसांत गुरुत्वीय भिंगांच्या खुणा शोधणारा एक प्रश्न होता. आइन्स्टाइनचा सिद्धान्त ठाऊक नसता, तर तो सुचला असता का? म्हणजे चौथी रीत पहिल्या तिघींच्याच खांद्यावर उभी आहे. शीर्षकातून हे ऋण दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल, की साठ्यातून अनपेक्षितही सापडते. खरे आहे. २००७ साली हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला ‘गॅलेक्सी झू’ उपक्रमात याच सर्वेक्षणाच्या एका चित्रात दीर्घिकेजवळ विचित्र डाग दिसला. तो पुढे प्रकाशमान वायूचा मेघ ठरला. पण चित्र आधीपासून साठ्यात होतेच. शोध लागला तो ‘हे काय आहे?’ असे तिने विचारल्यावर.

आपल्या शाळांतील प्रकल्पांत पुष्कळदा तक्ते आधी भरतात आणि प्रश्न शेवटी शोधतात. हे पुस्तक वाचणाऱ्या शिक्षकाने वीस प्रश्नांची ती गोष्ट तेवढी वर्गात अवश्य सांगावी.