गणितीय तर्कशास्त्राचे अध्यापन आणि मराठी वाक्य : एक चिकित्सा

प्रस्तावना :
बालभारतीच्या २०२० मधील बारावी विज्ञान शाखेच्या गणिताच्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण गणितीय तर्कशास्त्राचे आहे. भूमसारख्या तालुक्याच्या ठिकाणी दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला हा विषय इंग्रजीतून शिकावा लागतो. सत्यता-कोष्टके भरणे सरावाने जमते. परंतु त्या चिन्हांचा आपल्या बोलण्याशी असलेला संबंध अस्पष्टच राहतो. केवळ मराठी पारिभाषिक शब्द पुरवून ही उणीव भरून निघणार नाही. मराठी वाक्याचीच तार्किक तपासणी व्हावयास हवी.

विवेचन :
‘सर्व विद्यार्थी आले नाहीत’ या वाक्याचे दोन अर्थ होतात : एकही आला नाही, किंवा काही आले नाहीत. ‘सर्व विद्यार्थी आले’ या विधानाचा निषेध मात्र एकच आहे : किमान एक विद्यार्थी आला नाही. हा भेद मराठीतच उलगडला, तर संख्यापकांचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ‘पाऊस पडला तर पेरणी होईल’ असे म्हटले की पाऊस नाही तर पेरणी नाही, असे ऐकणारा गृहीत धरतो. तर्कशास्त्र तसे मानत नाही. विहिरीच्या पाण्यावर पेरणी झाली तरी मूळ विधान असत्य ठरत नाही. पाऊस पडूनही पेरणी झाली नाही, तरच ते असत्य होय. याउलट ‘चहा की कॉफी’ या प्रश्नातील ‘की’ दोहोंपैकी एकाची निवड मागतो, तर तर्कशास्त्रातील ‘किंवा’मध्ये दोन्ही पर्याय एकत्र सत्य असू शकतात. मराठीतील ही सोय अध्यापनात वापरण्याजोगी आहे.

कोष्टकांवरच थांबण्याचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. विधान-तर्कशास्त्रात प्रत्येक सर्वतः सत्य विधान सिद्धही करता येते, हे एमिल पोस्ट यांनी १९२१ मध्ये दाखविले. त्यामुळे सत्यता आणि सिद्धता एकच, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि, पुरेसे अंकगणित सामावणाऱ्या, सुसंगत आणि यांत्रिक रीतीने तपासता येणाऱ्या कोणत्याही प्रणालीत सिद्धही न होणारे व खंडितही न होणारे विधान असते, हे कुर्ट ग्योडेल यांनी १९३१ मध्ये सिद्ध केले. गणिताच्या पायाविषयीचा हा मूलभूत प्रश्न कोष्टकाच्या चौकटीत दिसतच नाही.

निष्कर्ष :
प्रत्येक चिन्हाआधी मराठी वाक्याचे संभाव्य अर्थ वर्गात तपासले जावेत आणि ‘सत्य’ व ‘सिद्ध’ हे शब्द पहिल्या तासापासून वेगळे वापरले जावेत. यासाठी नव्या अभ्यासक्रमाची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.