फुकट लेखणीचा हिशेब

ज्याला मोबदला नाही त्याला स्वार्थही नाही, असा एक भाबडा समज आपल्याकडे रूढ आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाविषयी बोलतानाही तो डोकावतो. संपादक स्वयंसेवक, तेव्हा लेखन निःपक्षपाती! परंतु वेतन हे स्वार्थाचे केवळ एक रूप झाले. जात, गाव, संस्था, आप्त आणि स्वतःची कीर्ती ही त्याची इतर रूपे होत. त्यांची पावती कुणी फाडीत नाही.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. संपादक तेच, आणि त्यासाठी मंडळी काढून भाग विकणारेही तेच. हितसंबंध नव्हता असे कोण म्हणेल? परंतु २३ खंडांमागे त्यांचे नाव उभे होते. पहिल्या ५ प्रस्तावनाखंडांत त्यांची दृष्टी उघड मांडलेली होती. वाचकाला भांडावयास समोर माणूस होता. मराठी विश्वकोशातही नोंदीखाली लेखकाचे नाव येते. विकिपीडियावर प्रत्येक बदलाची नोंद राहते खरी, पण नाव बहुधा टोपणनाव असते. बदल दिसतो, नाते दिसत नाही.

याचे फळ काय? आयआयपीएम या भारतीय व्यवस्थापन-संस्थेविषयीचे लेखन तिच्या सोयीने वळविल्याच्या प्रकरणात इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने २०१५ साली एका प्रचालकालाच हद्दपार केले. मधल्या वर्षांत प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांनी काय वाचले असेल, हा विचार शिक्षकाच्या मनाला बोचल्यावाचून राहत नाही.

पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसे जाहीर करावे, हे २०१४ पासून विकिमीडियाच्या अटींत आहे. ज्याचा संबंध आहे त्याने नोंदीला हात न लावता चर्चापानावर सूचना करावी, असा इंग्रजीतला संकेतही आहे. संकेत चांगला, पण सूचना वाचावयास दुसरा कुणी हवा ना? इस्लापूरजवळच्या सहस्रकुंड धबधब्यावर लिहावयास बहुधा इकडचाच माणूस येणार. त्याला दूर ठेवाल तर पान कोरे राहील. तेव्हा जिव्हाळा हा दोष मानू नये. लपविलेला जिव्हाळा मात्र मानावा.

कादंबरीकाराला पक्षपाताची मुभा आहे, कारण मुखपृष्ठावरच 'कादंबरी' असे छापलेले असते. कोशकाराला ती नाही. आपल्या गावाची नोंद त्याने अवश्य लिहावी. आधी नाते सांगावे, आणि शेजारगावच्या माणसाकडून ती तपासून घ्यावी. स्वतःच्या पुस्तकाची नोंद मात्र दुसऱ्यासाठी सोडावी. कुणीच लिहिली नाही, तर तोही एक अभिप्राय समजावा.