न दाखवलेले आणि न पाहिलेले : ‘दिल्ली क्राइम’ची दोन पर्वे

रंगमंचावर काय दाखवू नये, याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. युद्ध, राज्यनाश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सूचित कराव्यात, असे भरताचे नाट्यशास्त्र सांगते. भासाने ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाला प्रेक्षकांसमोरच मरू दिले, म्हणजे नियम मोडणारेही होते. पण मोडण्यासाठी आधी नियम ठाऊक असावा लागतो. घरातल्या पडद्यावर रोज खून-बलात्काराच्या कथा पाहणाऱ्या आपल्यासाठी तो नियम काय असावा, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आपल्या परिचयाचे दोन नमुने आधी पाहू. 1998 मध्ये सुरू झालेल्या ‘सीआयडी’त प्रेत म्हणजे कोड्याचा पहिला तुकडा. ते कुणाचे तरी माणूस होते, याची आठवण रहस्य उलगडताना आड येते, म्हणून ती टाळली जाते. 2003 पासूनच्या ‘क्राइम पेट्रोल’ने खऱ्या घटना घेतल्या आणि निवेदक उभा करून त्यांना बोधाची चौकट दिली. या चौकटीचा हेतू चांगला असेल, पण ‘सावध राहा’ हा उपदेश बहुतेक वेळा ज्याच्यावर अत्याचार होऊ शकतो त्यालाच असतो. त्यामुळे तिने त्याच्यावर विश्वास का ठेवला, हा प्रश्न नकळत प्रेक्षकाच्या मनात रुजतो. शिवाय नाट्यरूपांतरात अत्याचाराचा प्रसंग बोधाच्या आधी येतो आणि बोधापेक्षा जास्त लक्षात राहतो.

रिची मेहता यांच्या ‘दिल्ली क्राइम’चे पहिले पर्व (2019) या पार्श्वभूमीवर महत्त्वाचे ठरते. 16 डिसेंबर 2012 च्या घटनेवर आधारलेल्या या सात भागांत तो अत्याचार एकदाही दाखवलेला नाही. बसच्या आत कॅमेरा त्या वेळी जातच नाही. आपल्याला कळते ते नंतर आणि दुसऱ्याच्या तोंडून: जखमांविषयी बोलणारे डॉक्टर, ते ऐकणारी पोलीस अधिकारी, पुढे चौकशीत निर्विकारपणे बोलणारा आरोपी. शेफाली शाह यांची वर्तिका चतुर्वेदी हे सारे ऐकते, तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर असतो. प्रवेशकाचे काम इथे तो चेहरा करतो. मला हा संयम केवळ सभ्यतेचा वाटत नाही. अत्याचार दाखवला, तर प्रेक्षक काही क्षण अत्याचाऱ्याच्या जागी उभा राहून पाहतो. इथे त्याला ऐकणाऱ्याच्या जागी उभे केले आहे. पीडितेची ओळख उघड न करण्याचे बंधन कायद्याने घातले आहेच. मालिकेने त्याच्या पुढे जाऊन तिचे शरीरही प्रेक्षकांच्या नजरेपासून जपले.

मात्र ऐकणारा कोण, हे ठरले की कथेची बाजूही ठरते. घटनेच्या वेळी दिल्लीचे पोलीस आयुक्त असलेल्या नीरज कुमार यांच्याशी झालेल्या बोलण्यातून या मालिकेची कल्पना पुढे आली. तपासातल्या अधिकाऱ्यांकडून मिळालेला तपशील हे तिचे बळ आहे: पोलिसांना पुरेसा पैसा नाही, माणसे नाहीत, झोप नाही. पण रस्त्यावर उतरलेली तरुण मुले या कथेत बरेचदा तपासात अडथळा आणणारा गोंगाट होतात. प्रत्यक्षात त्याच गोंगाटामुळे न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि 23 जानेवारी 2013 रोजी तिने दिलेल्या अहवालात पोलिसांच्या वर्तनावरही कठोर टीका होती. अत्याचाराबाबत संयम पाळणारी मालिका संस्थेबाबत मात्र हळवी होते.

2022 च्या दुसऱ्या पर्वात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. नीरज कुमार यांच्याच ‘खाकी फाइल्स’मधल्या एका प्रकरणावर ते आधारलेले आहे. वृद्ध दांपत्यांचे खून ‘कच्छा-बनियान’ टोळीच्या पद्धतीने होतात आणि संशय विमुक्त जमातींवर जातो. वस्तीवर छापा पडतो, माणसे उचलली जातात. या जमातींचा ‘जाणकार’ म्हणून बोलावलेला निवृत्त अधिकारी गुन्हेगारी त्यांच्या रक्तातच असल्यासारखे बोलतो. पुढे खरे गुन्हेगार वेगळेच निघतात आणि पूर्वग्रह खोटा ठरतो.

इथवर हेतू स्वच्छ आहे. पण मराठी वाचकाला इथे थबकावे लागते. 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या आणि तो कायदा 1952 मध्ये रद्द होऊनही शिक्का न पुसलेल्या माणसांचे जगणे आपण लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त आणि लक्ष्मण मानेंच्या ‘उपरा’त आतून वाचले आहे. पोलीस दारात येतात तेव्हा घरात काय होते, हे तिथे घरातल्या माणसाने सांगितले आहे. मालिकेत ते दार बाहेरूनच दिसते. खऱ्या सूत्रधार स्त्रीला, तिलोतमा शोम यांच्या भूमिकेला, भूतकाळ मिळतो, स्वप्न मिळते, क्रौर्यामागची कडवट भूक मिळते. खोट्या संशयात चिरडलेल्यांच्या वाट्याला मुख्यतः असहायता आणि वर्तिकेची सहानुभूती येते. कथानक त्यांना निर्दोष ठरवते, पण निर्दोष ठरणे आणि माणूस म्हणून दिसणे यांत अंतर आहे. शिवाय पूर्वग्रहाची वाक्ये ठसक्यात उच्चारली जातात आणि त्यांचे खंडन मात्र घटनाक्रमावर सोपवले जाते. मधल्या काळात प्रेक्षकाचा संशय त्याच वाक्यांवर पोसला जातो, कारण रहस्याला तो हवाच असतो.

‘संवेदनशील विषय’ म्हटले की आपण रक्त आणि लैंगिक हिंसा एवढेच धरतो. कात्रीही तिथेच चालते, इशाऱ्याच्या पाट्याही तिथेच लागतात. एखाद्या समूहाच्या कपाळावरचा शिक्का दाखवताना असा इशारा कुणी देत नाही. पण त्या शिक्क्यामुळे आजही कुणाला खोली नाकारली जाते, कुणाला चौकीत बसवून ठेवले जाते.

म्हणून मला भरताचा नियम अपुरा वाटतो. काय झाकले, हे पाहिल्यावर झाकल्यानंतर कॅमेरा कुणाकडे वळला, हेही विचारावे लागते. पहिल्या पर्वात तो ऐकणाऱ्या बाईकडे वळला आणि तिच्या चेहऱ्यावर आपल्याला त्या मुलीच्या यातनेचा अंदाज आला. दुसऱ्या पर्वातही तो त्याच चेहऱ्याकडे वळला. या वेळी मात्र तो वस्तीत थांबायला हवा होता.