‘अंशतः सुगम्य’ म्हणजे नेमकं किती?

भातकुलीत हा विषय कशाला, असं काही जणांनी विचारलं. सातबारा आता फोनवर निघतो. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः वावरात उभं राहायचं, ॲप उघडायचं, पिकाचा फोटो टाकायचा. मग ज्याला दिसत नाही, ज्याचा हात थरथरतो, त्याला हे ॲप वापरता येतं का, हा प्रश्न मुंबई-पुण्यापुरता राहत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले होते.

आज आपण समीक्षा करणार आहोत ती एका कागदाची. ॲप किंवा संकेतस्थळ सुगम्यतेच्या निकषांना किती उतरतं, हे सांगणारा अहवाल. जगभर त्याचा एक साचा चालतो, नाव व्हीपॅट. (मतदान यंत्राशेजारचं ते व्हीव्हीपॅट नव्हे, बाप्पा! एका ‘व्ही’चा फरक आहे.) अमेरिकेतल्या माहिती तंत्रज्ञान उद्योगांच्या संघटनेनं २००१च्या सुमारास तिथल्या सरकारी खरेदीसाठी तो तयार केला. डावीकडे निकष, मध्ये उत्तर, उजवीकडे शेरा. उत्तरं ठरलेली: पूर्ण करतो, अंशतः करतो, करत नाही, लागू नाही. आणि साचा भरतो कोण? बहुतेक वेळा विकणाराच.

‘अंशतः’ या शब्दाकडे जरा पाहू. जुन्या साच्यात तिथं ‘अपवादांसह पूर्ण करतो’ असं होतं. ‘अपवादांसह’ म्हटलं की नियम पाळला गेलाय आणि कुठंतरी बारीकसारीक राहिलंय, असं वाटतं. ‘अंशतः’ हा शब्द त्याहून प्रामाणिक, पण तोही उघडाच. लॉगिनच्या पानावरचं एकच बटण वाचक सॉफ्टवेअरला ऐकू येत नाही, बाकी शंभर पानं ठीक आहेत. कागदावर हे ‘अंशतः’. आंधळ्या माणसासाठी मात्र ती शंभर पानं नाहीतच, कारण दारच लागलेलं आहे. टक्केवारीनं हे मोजता येत नाही. म्हणून आमचं मत असं, की या अहवालाचा जीव शेऱ्याच्या रकान्यात आहे. तो रिकामा असला की बाकीचा तक्ता नुसती शोभा.

आमचा विषय तत्त्वज्ञान, तेव्हा न्यायशास्त्राकडे वळल्याशिवाय राहवत नाही. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण कोणाच्याही नाही, आप्ताच्या. वात्स्यायनाचं म्हणणं आमच्या शब्दांत सांगायचं तर आप्ताला दोन गोष्टी लागतात: वस्तू साक्षात जाणलेली असणं, आणि जाणली तशीच सांगण्याची इच्छा असणं. ऋषी असो की म्लेच्छ, लक्षण सारखंच, असंही तो बजावतो. पदवी, कुळ, हुद्दा यांचा संबंध नाही. आता हा अहवाल हातात घ्या. लिहिणाऱ्यानं ते ॲप डोळे मिटून, वाचक सॉफ्टवेअर लावून चालवलंय का? माउस बाजूला ठेवून नुसत्या कळफलकावर अर्ज भरून पाहिलाय का? नसेल, तर पहिलीच अट गेली. विक्री व्हावी म्हणून लिहिलं असेल, तर दुसरीही गेली.

कोणी म्हणेल, तपासणीची यंत्रं आहेत की. आहेत, आणि उपयोगी आहेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक ४.५ ला १ आहे का, हे यंत्र क्षणात सांगतं. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही, हेही सांगतं. पण त्या मजकुरात ‘फोटो ३’ एवढंच लिहिलं असेल तरी यंत्र खूश!

मराठीचं दुखणं तर आणखी वेगळं. पान मराठी, पण आतल्या खुणेत भाषा इंग्रजी नोंदवलेली. मग इंग्रजी आवाज देवनागरीवर अडखळतो किंवा अक्षरं गाळून पुढं जातो. पानाची भाषा नोंदवणं हा अगदी प्राथमिक पातळीचा निकष आहे. युनिकोडपूर्व फाँटात टंकलेला मजकूर डोळ्याला सुबक मराठी दिसतो, त्यामागं मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी असते आणि ऐकणाऱ्याला तीच ऐकू येते. स्कॅन करून चढवलेला आदेश म्हणजे तर नुसतं चित्र. परदेशी साच्याची मराठी उत्पादनासाठी समीक्षा करायची, तर या तीन गोष्टी शेऱ्यात आल्याच पाहिजेत.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा, नियम २०१७चे. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे. त्याचा २०२२चा दुसरा भाग अनुरूपता ठरवायची कशी, याच्यावरच आहे. पण ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला म्हणावं लागलं, की सुगम्यतेचा नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत आहे, कारण सक्तीच्या जागी त्यानं शिफारशी ठेवल्या. पुढं ३० एप्रिल २०२५ला प्रज्ञा प्रसून खटला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या याचिकाकर्तीला बँकेच्या ई-केवायसीत डोळे मिचकावून दाखवता येत नव्हते. न्यायालयानं डिजिटल सुगम्यता जगण्याच्या हक्कात धरली आणि वीस निर्देश दिले. त्यांत नियतकालिक तपासणी आहे, आणि ॲप तयार होताना चाचणीत अंध व्यक्तींना सामील करण्याचंही आहे. आम्हाला या निकालातलं सर्वांत मोलाचं वाक्य हेच वाटतं. आप्त कोण, हे न्यायालयानं न्यायसूत्रं न काढता सांगितलं.

याच जिल्ह्यातल्या माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गेलेले. दुसऱ्यांनी ग्रंथ वाचून दाखवायचे, त्यांनी सांगायचं आणि दुसऱ्यांनी लिहायचं. एवढ्यावर त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ सिद्ध केले. लोक ही गोष्ट कौतुकानं सांगतात, आम्हीही सांगतो. पण वाचून दाखवणारा मिळणं हे तेव्हा भाग्य होतं. आज ॲप सुगम्य नसलं की माणूस फोन शेजाऱ्याच्या हाती देतो, पाठोपाठ ओटीपीही देतो. पोथी वाचून दाखवणाऱ्यावर ठेवलेला विश्वास आणि बँक खातं उघडून देणाऱ्यावर ठेवावा लागणारा विश्वास एका मापाचे नाहीत. अहवालात ‘मदतनीसाच्या साहाय्यानं वापरता येते’ असा शेरा दिसला, तर तिथं ‘करत नाही’ लिहायला हवं होतं असंच समजावं.

मग नीट शेरा कसा असतो? असा: ‘आवृत्ती अमुक, तारीख तमुक. अँड्रॉइड फोन, टॉकबॅक, मराठी आवाज. दोन अंध शेतकऱ्यांनी नोंदणी करून पाहिली. गट क्रमांक निवडता आला. फोटोच्या पानावर कॅमेरा पिकाकडे आहे की आभाळाकडे, हे ॲप सांगत नाही. दोघंही तिथं थांबले.’