‘ड्राउन’ आणि ‘येन्’ : बुडण्याच्या क्रियापदांतील मरणाचा अंश

चिनी भाषिकांस इंग्रजी शिकविण्यासाठी रचलेल्या शब्दसूचींत ‘नीश्वेइ’ या शब्दापुढे ‘ड्राउन’ एवढाच प्रतिशब्द देऊन सूचीकार मोकळा होतो. वस्तुतः ‘नीश्वेइ’ म्हणजे पाण्यात सापडून गुदमरणे. असा मनुष्य वाचूही शकतो. इंग्रजीत मात्र हे क्रियापद साध्या भूतकाळात आले की मनुष्य मेलाच. ‘वॉज ड्राउनिंग’ म्हटल्यास सुटकेला वाव राहतो, ‘ड्राउण्ड’ म्हणताच तो संपतो. मूल काठावर जिवंत असताना त्याच्या आईस हे दुसरे रूप कळविले गेले, तर त्यास नुसता व्याकरणदोष कसे म्हणावे?

दोषाचे मूळ चिनी क्रियापदाच्या घडणीत आहे. ‘येन्’ हे क्रिया सांगते, तिचा शेवट सांगत नाही. मृत्यू सांगावयाचा तर ‘स्स’, म्हणजे मरणे, हे पद जोडून ‘येन्-स्स’ म्हणावे लागते. विद्यार्थी याच सवयीने ‘ड्राउण्ड टू डेथ’ लिहितो. शिक्षक त्यास पुनरुक्ती म्हणून खोडतो, परंतु कारण सांगत नाही. ही घडण नवी नव्हे. मेन्शियसच्या ग्रंथात, स्त्रीपुरुषांनी परस्परांच्या हाती वस्तूही देऊ नये हा शिष्टाचार असता, बुडणाऱ्या भावजयीस हात द्यावा काय, असा प्रश्न आला आहे. तेथील ‘नी’चा अर्थ मरणे असता तर प्रश्नच उद्भवला नसता. (मराठी वाचकास येथे चिनी विद्यार्थीच जवळचा वाटेल, ‘बुडून मरण पावला’ असे आपणही लिहितोच.)

गंमत अशी की, 2002 साली ॲम्स्टरडॅम येथील जागतिक परिषदेत ‘ड्राउनिंग’ची व्याख्या द्रवात बुडाल्याने श्वसनास अडथळा येण्याची प्रक्रिया अशी करण्यात आली, तिचा शेवट मृत्यूतच व्हावा असे नाही. म्हणजे वैद्यकातील इंग्रजी चिनी अर्थाकडे सरकली, व्यवहारातील इंग्रजी सरकली नाही. हा भेद शब्दसूचीत नोंदविणे अगत्याचे आहे.

वाक्प्रचारांपैकी दोनच विचारार्ह आहेत. इंग्रज आपले दुःख मद्यात बुडवितो, चिनी मनुष्य ते मद्याने निववितो. उलट, फाजील लाडास चिनीत ‘नीआइ’, म्हणजे बुडते प्रेम, म्हणतात. इंग्रजीत तेथे ‘स्पॉइल’, म्हणजे नासविणे, हेच क्रियापद हवे. बुडत्याच्या काडीचा वाक्प्रचार तिन्ही भाषांत आहे. सूचीकार त्यास मात्र हटकून स्थान देतात.