देवेंद्रकोरवंजी : पुराणभूगोल आणि संशयाची जागा

तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (राज्यकाळ १७९८-१८३२) यांच्या 'देवेंद्रकोरवंजी' या मराठी नाटकाचा उल्लेख बहुधा 'भूगोलाचे नाटक' एवढ्यावरच थांबतो. त्यातील धर्मविषयक पेच मात्र दुर्लक्षित राहतो. तमिळ कुरवंजीत भविष्य सांगणारी भटकी स्त्री विरहिणी नायिकेपुढे आपल्या डोंगरांचे, मुलखाचे वर्णन करते. सरफोजींनी या संकेताचा विस्तार केला : त्यांची कोरवंजी सूर्यकेंद्री ग्रहमाला आणि पृथ्वीवरील खंड, देश सांगते, आणि ऐकणारी आहे इंद्राणी. मेरू, सप्तद्वीपे, क्षीरसागर यांना या विश्वचित्रात स्थान उरत नाही. म्हणजे मेरूवरील अमरावतीलाही नाही. ज्या श्रोतीला हा पाठ दिला जातो, तिचे घरच त्या पाठाने नाहीसे होते. नाटकातील हा विरोधाभास सहेतुक असेल वा नसेल, त्याची धार बोथट होत नाही.

सिहोरच्या सुबाजी बापूंनी 'सिद्धांतशिरोमणिप्रकाशा'त (१८३६) हाच प्रश्न सिद्धांतग्रंथांच्या आधारे, युक्तिवादाने हाताळला. तंजावरात पंडित नव्हे, कोरवंजी बोलते. तिचे बोलणे भाकीतही मानता येते आणि शास्त्रही. श्वार्ट्झसारख्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकूनही सरफोजींनी धर्मांतर केले नाही. बृहदीश्वर मंदिरात १८०३ मध्ये भोसले वंशचरित्र कोरविणारा, १८२०-२२ मध्ये काशीयात्रा करणारा हाच राजा. याला दुटप्पीपणा म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. पुराणातील भूगोल त्याने सोडला. पुराणातील देवता मात्र रंगमंचावर, श्रोत्याच्या आसनावर, बसवून ठेवल्या.