पॅचखालचं काम

धाराशिव जिल्ह्यात पाण्याचं वाहन म्हटलं की टँकर. रबरी होडीवर कडी बसवण्याचं कसब इथे कुणाच्या हातात असेल, हे सहसा मनात येत नाही. पण २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला आणि चांदणीला पूर आला, परंडा-भूमकडच्या गावांत पाणी शिरलं, अडकलेल्या माणसांना काढायला एनडीआरएफच्या होड्या आल्या, हेलिकॉप्टरं आली. त्या गडबडीत एका स्थानिक मंडळाची हवेची होडीही पाण्यात उतरली होती. बाभळी, काटेरी तारा आणि पत्र्यांच्या कडा यांच्यातून फिरून ती परत आली तेव्हा तिची दशा झाली होती. पुढे हिवाळ्यात एका शेडमध्ये तिची दुरुस्ती झाली. करणारे मिस्त्री मूळचे ट्रॅक्टरच्या ट्यूबा व्हल्कनाइज करणारे. त्यांचं काम जवळ बसून पाहिलं. त्याचं हे रसग्रहण.

काम ऐकायला किरकोळ. होडीच्या कडेच्या फुगीर नळीवर दोर ओवायची एक कडी असते, तिचा पॅच अर्धवट सुटला होता. वल्हं अडकवायची रबरी खोबणही एका बाजूने उचलली गेली होती. जुनं काढायचं, नवं चिकटवायचं. अडचण अशी की कडीवर आधीच कुणीतरी हात साफ करून घेतला होता. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन बदाबदा ओतलेलं, ते वाळून पिवळट झालेलं, पॅचच्या बाहेर चार-चार बोटं पसरलेलं. ज्याचा आपल्या चिकटवण्यावर भरवसा नसतो त्यालाच सोल्युशन जास्त लागतं, असं माझं मत आहे.

मिस्त्रींनी बराच वेळ डब्याचं झाकणच उघडलं नाही. आधी कापड कुठलं ते पाहिलं. हवेच्या होड्यांचं कापड मुख्यतः दोन जातींचं असतं, पीव्हीसी किंवा हायपलॉन. हायपलॉन हे ड्यूपॉंट कंपनीच्या रबराचं नाव. कंपनीने २०१० मध्ये त्याचं उत्पादन बंद केलं, पण नाव बाजारात राहिलं. पीव्हीसीला पॉलियुरेथेनचं सोल्युशन लागतं, हायपलॉनला निओप्रीनचं, आणि दोन्हीत ऐन वेळी हार्डनर मिसळावं लागतं. अदलाबदल झाली तर पॅच बसल्यासारखा दिसतो आणि नेमका पाण्यात सुटतो. मिस्त्रींनी चिंधीला थिनर लावून न दिसणाऱ्या कोपऱ्यात घासलं. पीव्हीसी असतं तर तिथे बोट चिकचिकलं असतं. इथे नुसता रंग थोडा चिंधीवर आला. हायपलॉन.

मग होडी फुगवली. उपटलेली कडी काढायला होडी फुगवायची कशाला, हे मी विचारलंच. नवी कडी कुठे येणार त्याची खूण नळी ताठ असतानाच करायची म्हणून. "सपाट केली की होडी खोटं बोलती, सर," मिस्त्री म्हणाले. पेन्सिलीने गोल आखला, आडवी-उभी रेघ मारून मध्य पक्का केला, आणि मगच हवा सोडून कापड फळीवर पसरलं.

आता सोलणं. हा या कामाचा सगळ्यात श्रीमंत भाग, आणि तो अत्यंत संथ आहे. हीट गन एका जागी धरली की कापड करपतं, म्हणून ती सतत फिरती. जुनं सोल्युशन मऊ झालं की बोथट पत्तीने पॅचची कड उचलायची आणि मग ती वर खेचायची नाही. मागे दुमडून, कापडाला लागून, आडवी ओढत न्यायची. पॅच सुटताना बारीक चरचर ऐकू येते. त्या आवाजाचा पोत बदलला की मिस्त्रींचा हात थांबायचा, पुन्हा ऊब द्यायची, पुन्हा चार-सहा मिलिमीटर. घाई झाली तर पॅचबरोबर होडीचा रबरी थर निघतो आणि खालची धाग्यांची वीण उघडी पडते. मग ती कडीची दुरुस्ती राहत नाही, होडीचीच होते.

पॅच निघाला तरी सोल्युशनचे पट्टे राहिलेच. सुरीने खरवडणारे पुष्कळ भेटतात. मिस्त्रींनी टोल्युइन लावलेली चिंधी त्यावर थोडा वेळ दाबून ठेवली आणि अंगठ्याने जुनं सोल्युशन वळायला सुरुवात केली. पाटावर शेवया वळतात तसे त्याचे बारीक दोरे वळून बाजूला पडत गेले. टोल्युइन थेट ओतायचं नाही, कारण ते कापडात मुरलं तर जुन्या जोडांखालीही शिरतं. त्या अर्ध्या तासात एक गोष्ट मनात भरली: त्यांनी पेन्सिलीच्या गोलाबाहेरचं, कधीच झाकलं न जाणारं पिवळं सोल्युशनही तितक्याच निगुतीने काढलं. त्याची गरज नव्हती, आणि मंडळाने त्याचे पैसेही दिले नसते.

त्यानंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर. चमक जाईपर्यंत घासायचं, वीण दिसण्याआधी थांबायचं. पंक्चरवाला ट्यूब घासतो तेच हे, पण ट्यूबवर घाव जरा खोल गेला तरी चालून जातं. नव्या कडीच्या पॅचची पाठही तशीच घासली. धूळ पुसली. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही, अंगचं तेल लागतं म्हणून.

मिस्त्री अकरापर्यंत थांबले होते ते दव उडण्यासाठी. हार्डनरचं आणि ओलाव्याचं वैर आहे. हवेतल्या बाष्पाशीच ते आधी संयोग पावतं आणि जोड कच्चा राहतो. म्हणून पावसाळ्यात हे काम करू नये. आमच्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यातही नको, कारण थिनर भसकन उडून वरवर साय धरते. साधारण १८ ते २५ अंश आणि कोरडी हवा ही या सोल्युशनची आवड. बालाघाटच्या माथ्यावरची थंडीतली दुपार त्याला छान मानवते. दुष्काळी हवेचा एवढा एक फायदा मला प्रथमच कळला.

सोल्युशनचे हात पातळ. दोन्ही बाजूंना एक, तो पुरता वाळेपर्यंत वाट, मग दुसरा. दुसरा किती वाळला हे बोटाच्या पेराच्या मागच्या बाजूने पाहायचं. चिकट लागलं पाहिजे, पण तार सुटता कामा नये. चपला शिवणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. पॅच टेकवण्याचा क्षण मात्र एकच. निओप्रीन धरलं की सरकू देत नाही. रेघेवर रेघ जुळवून त्यांनी मध्य टेकवला आणि तिथून कडेकडे रूळ फिरवला, हवेचा फुगा राहू नये म्हणून. नवा पॅच गोल का, तेही इथे कळतं: चौकोनाला कोपरे असतात आणि पॅच उचलायला सुरुवात कोपऱ्यातूनच होते.

कडीच्या जागेबद्दल थोडं थांबायला हवं. मिस्त्रींनी उरलेल्या सोल्युशनचं बोट लावून जुना पॅच फळीवर डकवला, वाळू दिला. आडवा ओढला, हलेना. कड उचलून वर ओढला, दोन बोटांत सुटला. जोडाची ताकद आडव्या ओढीला असते, सोलण्याच्या ओढीला नसते. म्हणून कडी अशी फिरवून बसवायची की दोराचा ताण पॅचच्या पृष्ठभागाला समांतर जाईल. आधीच्या कारागिराची कडी एक वीतभर वर होती, आणि दोर तिला रोज सोलत होता. सोल्युशन कितीही ओतलं असतं तरी ती गेलीच असती.

१९५२ मध्ये अलेन बोंबार नावाचा फ्रेंच डॉक्टर अशाच हवेच्या होडीत एकट्याने अटलांटिक ओलांडून ६५ दिवसांनी बार्बाडोसला पोचला. ते साहस म्हणून सांगतात. मला आता त्या होडीच्या जोडांबद्दल कुतूहल वाटतं.

कामाला गालबोटही आहे. पॅच काळा, होडी नारिंगी. रंग जुळवायला हवा होता. आणि टोल्युइनच्या वाफेत, आयसोसायनेटच्या हार्डनरशी खेळताना मिस्त्रींच्या नाकावर साधा रुमालसुद्धा नव्हता. शेडची दोन्ही दारं उघडी होती एवढंच. इतक्या सावध हाताचा माणूस स्वतःच्या छातीबद्दल इतका बेफिकीर, हे मला खटकलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. ते हसले.

दुपारी आभाळ आलं. खोबण राहिली होती, आणि होडी फुगवायला अजून निदान एक दिवस होता. मंडळाच्या सचिवांना तीही आजच चिकटवून हवी होती. सोल्युशन तर कालवलेलंच आहे, असा त्यांचा युक्तिवाद. मिस्त्रींनी हवेकडे पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं. हार्डनर पडलेलं सोल्युशन उद्यापर्यंत टिकत नाही. ते त्यांनी फेकून दिलं आणि त्याचे पैसे बिलात लावले. सचिव बराच वेळ कुरकुरत होते.